अक्कांच्या म्हशीचा घास

माझ्यात एक खोड आहे, ती आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा गैरसमज नको. मला कुणी काही बोललं तर मी दोन दिवसांत विसरते. माझ्या आईला कुणी बोललं असेल तर मरेपर्यंत विसरत नाही. साठी झाली, गुडघ्यांनी दगा दिला, परवा चष्मा घरभर शोधला आणि तो तांदळाच्या डब्यात निघाला; पण पारोळ्याच्या आमच्या गल्लीत एका संध्याकाळी अक्कांची म्हैस काय खात उभी होती, ते मला आजही लख्ख दिसतं. मुलगी म्हणते, आई, सोड ना आता, त्या बाईला जाऊनसुद्धा किती वर्षं झाली. सोडायचं असतं तर लिहायला कशाला बसले असते?

आमचं घर धाब्याचं होतं. लाकडामातीचं सपाट छप्पर, त्याला आमच्याकडे धाबं म्हणतात. गल्लीतली सगळी धाबी एकमेकांना खेटून, त्यामुळे वर चढलं की कुणाकडे काय वाळत पडलंय ते अख्ख्या गल्लीला दिसे. घरात आम्ही तिघंच. आबा, म्हणजे माझे वडील, मार्केटात मापाडी होते. दिवसभर काट्यापाशी उभं राहून मापं पुकारायची, त्यामुळे घरी येईस्तोवर त्यांचा घसा बसलेला असे आणि ते जवळजवळ बोलतच नसत. जेवताना काय हवं ते बोटानं दाखवत. आईचंही तोंड कमी आणि हात जास्त चालायचे. सकाळी तव्यावरून उतरलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, तिच्यावर ठेचा आणि ठेच्यावर शेंगदाण्याच्या तेलाची धार. तेल आमच्याकडे काय लागतं म्हणून सांगू! खिचडीवर तेल, पिठल्यावर तेल, डोक्याला तेल, दुखऱ्या गुडघ्याला तेल. हे तेल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चैत्र उजाडला की गल्लीत बिबड्यांची घाई सुरू होई. बिबडी म्हणजे ज्वारीचा पापड, पण पापड म्हटलं तर आमच्याकडच्या बायकांना राग येतो. तीन दिवस ज्वारी भिजत घालायची, उपसून वाळवायची, भरडून आणायची. त्या तीन दिवसांत घराघरातून असा आंबूस वास सुटे की गल्लीच्या तोंडाशी कळावं, आत काय चाललंय. मग ठरल्या दिवशी पहाटे धाब्यावर तीन दगडांची चूल मांडून भल्या मोठ्या पातेल्यात आधण ठेवायचं, त्यात लसूण, मिरची, जिरं, तीळ आणि भरड सोडून घोटत राहायचं. हा झाला घाटा. तो गरम आहे तोवर ओल्या धोतराच्या कापडावर, पाण्यात बुडवलेल्या तळहातानं, गोल गोल थापायचा. घाटा गार झाला की घट्ट होतो, मग बिबडी जाड होते, फाटते, वाळत नाही. एका घरच्या बायकांचं हे काम नव्हे. म्हणून पद्धत अशी होती की आदल्या दिवशी दारोदार जाऊन सांगायचं, उद्या आमच्याकडे बिबड्या. आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक घरातून एक बाई हजर. आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे. ज्या घरी बायका आल्या नाहीत ते घर गल्लीतून उठलं, असाच त्याचा अर्थ.

त्या थापणाऱ्या बायकांमध्ये माझी आई पहिल्या नंबरची. इतरांची बिबडी गोल व्हायची, आईची पातळ आणि गोल व्हायची, आणि कडा अशी की कात्रीनं कापावी. तिचा हात कापडावर फिरताना एक बारीकसा चप् चप् आवाज येई, न थांबणारा. लहानपणी उन्हाळ्याच्या पहाटे मी त्या आवाजानं जागी व्हायची. गल्लीत तिला दुसरा मान नव्हता. शिक्षण नाही, अंगावर दागिना नाही, नवरा मापाडी. जो काही मान होता तो त्या तळहाताचा.

आणि सगळ्या गल्लीचा मान अक्कांचा. अक्का आमच्या शेजारच्या. पन्नाशीची ठसठशीत बाई, दारात दुभती म्हैस, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, डोक्याला इतकं तेल की पदराची कड कायम तेलकट. कुणाचं बाळंतपण असो, कुणाचं पोट दुखो, आधी अक्कांना विचारायचं, मग दवाखाना. घाट्यातलं मीठसुद्धा अक्काच टाकायच्या, प्रत्येक घरच्या. थापायच्या आधी घाटा चाखायचा नाही असा नियम. सगळं पातेलं उष्टं होतं म्हणे. त्यामुळे मीठ अंदाजानं पडायचं, आणि अक्कांच्या मुठीचा अंदाज कधी चुकला नाही, हे मी शत्रुत्व असूनही कबूल करते. अक्का येत, मिठाच्या बरणीत हात घालत, मूठ बाहेर काढून जरा हलवत, दोन खडे परत टाकत आणि बाकीचं पातेल्यात सोडत. बायका उभ्या राहून बघत.

माझी बारावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्याच्या आधीपासून आईच्या मानेवर आणि दंडावर फिकट डाग उठले होते. शेंगदाण्याएवढे, कडा वेड्यावाकड्या, नखानं खरवडलं तर कोंड्यासारखा भुसा निघे. खाजत फारसं नव्हतं. आईनं ते अक्कांना दाखवले. अक्कांनी बोट लावून पाहिलं आणि सांगितलं की अंग कोरडं पडलंय, रोज आंघोळीआधी कोमट तेल चोळ आणि तासभर उन्हात बस. आईनं तसं केलं. रोज केलं. तेल चोळून ती चैत्राच्या उन्हात बसे, घामानं निथळे, आणि डाग वाढत चालले. मानेवरून खांद्यावर, दंडावरून कोपरापर्यंत. अक्का म्हणाल्या, तेल कमी पडतंय. आईनं तेल वाढवलं.

अक्कांकडच्या बिबड्यांच्या दिवशी आई सगळ्यात आधी गेली आणि सगळ्यात शेवटी उठली. चार कापडं तिनं एकटीनं भरली. त्या दिवशी बाही वर सरकवून बसली होती, थापताना सगळ्या सरकवतातच. अक्का मधेच येऊन तिच्या दंडाकडे बघून गेल्या, तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. संध्याकाळी मी अक्कांकडे ताकाचं भांडं परत द्यायला गेले. म्हैस दारात बांधलेली होती. तिच्यासमोरच्या घमेल्यात अर्धवट वाळलेल्या बिबड्या होत्या, एकावर एक, पातळ आणि गोल, कडा कात्रीनं कापाव्या तशा. मला ओळखायला वेळ लागला नाही. आमच्या धाब्यावरून मघाशीच पाहिलं होतं, बाकीच्यांची कापडं वर तशीच पसरलेली होती. आईची चार कापडं तेवढी धुऊन दांडीवर टाकलेली. म्हैस सावकाश चघळत होती. अक्का आतून आल्या, मला पाहून थोड्या गडबडल्या आणि मग नेहमीच्या अधिकारानं म्हणाल्या,

"तुन्ही मायले सांग, हाई कोड शे. आते कोना घाट्याले हात लावू नको."

मी घरी येऊन सांगितलं. सांगायला नको होतं असं पुष्कळदा वाटतं, पण सतरा-अठरा वर्षांची पोर, रडतच घरात शिरले, लपवणार काय. आईनं ऐकलं. ती भाकरी थापत होती, ती थापून झाली, तव्यावर टाकली, उलटली. मग तिनं बाही खाली ओढली. त्यानंतर वर्षभर चारचौघांत मी तिची बाही वर गेलेली पाहिली नाही. तिनं मापं देऊन कोपराच्या खाली बाही येणारी पोलकी शिवून घेतली, मे महिन्यात, जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात, जिथे माणसाला कातडीसुद्धा जास्त वाटते.

पाचव्या दिवशी आमच्या बिबड्या होत्या. ज्वारी आधीच भिजलेली होती, भरडून आणलेली होती, मागे फिरणं शक्य नव्हतं. आई आदल्या दिवशी दारोदार सांगून आली. सगळ्या जणी हो म्हणाल्या. पहाटे घाटा शिजला आणि आम्ही दोघी धाब्यावर वाट बघत बसलो. शेजारच्या धाब्यांवर बायका दिसत होत्या, कुणी अंथरूण गुंडाळत होती, कुणी उगाच झाडत होती. एकही आली नाही. सुमनकाकू म्हणून समोरच्या होत्या, आईच्या माहेरच्या गावच्या. त्यांनी आमच्याकडे एकदा बघितलं आणि खाली उतरून गेल्या. मिठाची वेळ झाली. आईनं मूठ भरली, आणि तिचा हात पातेल्यावर थांबला. तिनं जन्मात घाट्यात मीठ टाकलं नव्हतं. अर्धी मूठ परत टाकली, उरलेली सोडली, आणि आम्ही दोघी थापायला बसलो. मला धड थापता येत नव्हतं. ऊन चढलं, घाटा घट्ट झाला, निम्मं पातेलं वाया गेलं. आबा मधेच वर आले, त्यांनी पाहिलं, खाली मांडी घालून बसले आणि त्यांच्या जाड्या हातांनी थापायला लागले. मापाडी माणूस, बिबड्या थापतोय, आणि आजूबाजूची धाबी बघतायत. त्या वर्षीच्या आमच्या बिबड्या अळणी झाल्या. वर्षभर आम्ही त्या खाल्ल्या, आणि दर वेळी घरात कुणीच बोललं नाही की मीठ कमी आहे.

जूनमध्ये मी धुळ्याला कॉलेजात गेले, मुलींच्या वसतिगृहात राहिले. सूक्ष्मजीवशास्त्र हा विषय मी घेतला तो केवळ मैत्रिणीनं घेतला म्हणून, त्यात माझी काही अक्कल नव्हती. दिवाळीच्या जरा आधी मॅडमनी अंगावर राहणाऱ्या जिवांचा धडा काढला. एक यीस्ट असतं म्हणाल्या, मराठी पुस्तकात किण्व, ते सगळ्यांच्या कातडीवर राहतं, कपाळावर, नाकाच्या कडेला, केसांत, छातीवर. जन्मल्यापासून थोड्याच दिवसांत येतं आणि मरेपर्यंत सोबत करतं. त्याचे भाऊबंद कुत्र्याच्या कानात असतात, गाईम्हशींच्या अंगावर असतात. आम्ही कापसानं आपापल्या कपाळावरून नमुना घेऊन काचेच्या बशीत पसरला. चार दिवसांनी पाहिलं तर बशी कोरीच. आम्हाला वाटलं आमचं चुकलं. मॅडम हसल्या. औषधाच्या दुकानातून आणलेली ऑलिव्ह तेलाची बाटली त्यांनी काढली आणि दुसऱ्या बशीवर आधी तेलाचा हात फिरवला. आठवड्यानं त्या बशीत सायीच्या रंगाचे बारीक ठिपके उठले होते. ह्याला तेल लागतं, मॅडम म्हणाल्या, तेलाशिवाय जगत नाही. तेल आणि घाम भरपूर मिळाला की काही जणांच्या अंगावर ते माजतं, कातडीचा रंग खातं, आणि फिकट डाग उठतात, त्यांना शिबं म्हणतात. लोक त्याला उगाच कोड समजून घाबरतात.

वर्गात पंचवीस मुलं होती. त्यांच्यासाठी ती परीक्षेची टीप होती. मी मात्र बाकाची कड धरून बसले होते. रोज कोमट तेल चोळ. उन्हात बस. तेल कमी पडतंय. म्हणजे आमच्या आईनं महिनोन्‌महिने त्याला वाढून वाढून पोसलं, आणि पोसायला सांगणारी बाईच नंतर आईच्या हाताला विटाळ म्हणाली. मला हायसं वाटायला हवं होतं, नाही का? आईला कोड नाही, केवढी आनंदाची गोष्ट. खरं सांगते, आनंद नंतर झाला. आधी डोळ्यांपुढे अक्का आल्या आणि मनात आलं, आता सापडलीस.

दिवाळीत घरी गेले ती चिकटपट्टी आणि दोन काचा घेऊन. आईच्या दंडावर पट्टी चिकटवून काढली, धुळ्याला नेली, निळा रंग घालून मॅडमच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली. गोल गोल साबुदाणे आणि मधून मधून शेवयांचे तुकडे, असं ते दिसतं. मॅडमनी नीट समजावलं: नुसते साबुदाणे सगळ्यांच्याच अंगावर, शेवया दिसल्या की समजायचं शिबं. ह्या शेवयांचा मुद्दा ध्यानात घ्या, कारण पुढे मी जे केलं ते ह्याच्यावरच केलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी एक बाटली दिली, तिचा वास असा की आबा नाक धरून ओसरीवर जाऊन बसत. तेल बंद. होळीपर्यंत भुसा निघायचा थांबला, आणि मग हळूहळू, एकेका डागात, कातडीचा रंग परत भरत आला. आई आरशात मान वळवून वळवून बघे.

तरी गल्लीनं तिला बोलावलं नाही. शिबं होतं, गेलं, डॉक्टरांनी सांगितलं, असं आई सुमनकाकूंना म्हणाली. सुमनकाकूंनी ते अक्कांना विचारलं. आणि अक्कांचा निकाल आला की कोड असंच लपतं, पुन्हा वर येतं. झालं. चैत्र आला, गल्लीतल्या पहिल्या घरी बिबड्या झाल्या, दुसऱ्या घरी झाल्या. पहाटे आई उठून बसे आणि दुसऱ्यांच्या धाब्यांवरची चप् चप् ऐके.

माझी परीक्षा संपली होती. मॅडमनी सुट्टीत वीस माणसांच्या कातडीचे नमुने पाहून वही भरायला सांगितलं होतं, त्यासाठी कॉलेजचा एक जुना, आरशावर चालणारा सूक्ष्मदर्शक लाकडी पेटीत घालून दिला. धुळे ते पारोळा एसटीत ती पेटी मी मांडीवर घेऊन बसले, एका बाईनं विचारलं हार्मोनियम आहे का, तर मी हो म्हणाले. घरी आल्यावर पहिला नमुना मी अक्कांच्या म्हशीच्या कानातून घेतला, अक्का बाजारात गेलेल्या असताना. साबुदाण्यांऐवजी शेंगेसारखे, मधे आवळलेले दाणे, भरपूर. म्हैस माझ्याकडे बघत शांत उभी होती. तिच्यावर माझा राग नव्हता.

मग मी गल्लीत निरोप दिला की कॉलेजचं यंत्र आणलंय, अंगावरचे जीव दिसतात, दुपारी या. बायका आल्या. पहिला मान कुणाचा? अक्कांचा, अर्थातच; मी स्वतः जाऊन त्यांना हाताला धरून आणलं. अक्का खूश. पदर सावरून पाटावर बसल्या. मी त्यांच्या कपाळावर, केसांच्या कडेला, जिथे तेल पाझरायचं तिथे, पट्टी दाबली आणि काढली. निळा रंग टाकला. काच लावली. तेल पिऊन माजलेले साबुदाणे, गच्च. शेवई एकही नाही. म्हणजे कुठल्याही निरोगी तेलकट डोक्यात असतात तेवढेच.

मी आधी आईची दिवाळीतली काच लावून सगळ्यांना दाखवली. ही आईच्या दंडावरची, म्हटलं, मागच्या वर्षीची. बायकांनी एकेक करून डोळा लावला. मग अक्कांची लावली. पुन्हा एकेक डोळा. सुमनकाकू दोनदा बघून म्हणाल्या की दोन्हीकडे तेच गोल गोल दिसतंय.

"हो," मी म्हटलं. "तेच आहे."

आणि गप्प बसले. शेवयांचं सांगितलं नाही. सगळ्यांच्या अंगावर असतं, तुमच्या, माझ्या, म्हशीच्या, हे सांगितलं नाही. एका बाईनं तिचं बघायला सांगितलं, तर मी म्हटलं रंग संपला. बाटली अर्धी भरलेली होती. अक्का पाटावर बसूनच होत्या. त्यांनी हळूच कपाळाला हात लावला आणि बोटांकडे पाहिलं. वहीत मात्र मी खरं लिहिलं. नमुना दुसरा, स्त्री, निरोगी. मॅडमनी त्यावर बरोबरची खूण केली.

पुढचे आठ दिवस मी जन्मात विसरणार नाही, इतके गोड गेले. अक्कांना बिबड्यांना कुणी सांगायला आलं नाही. घाट्यात मीठ ज्याचं त्यानं टाकलं. सकाळी त्यांच्या न्हाणीतून टाचांच्या वजरीनं अंग घासल्याचा खर्र खर्र आवाज येई, पुष्कळ वेळ. त्यांच्या कपाळावरची कातडी सोलली गेली होती, कुंकू लावलं की झोंबे. तो आवाज ऐकून मला हसू यायचं. आता येत नाही. पण फार वाईटही वाटत नाही, काय करू?

नवव्या दिवशी अक्कांकडच्या बिबड्या. त्या आदल्या दिवशी दारोदार सांगून आल्या होत्या, आमचं दार सोडून. पहाटे मी धाब्यावर चढले, मुद्दामच. अक्का एकट्या. चूल विझत आलेली, पातेलं वाफाळतंय, धोतराची कापडं ओली करून अंथरलेली, आणि सगळ्या धाब्यांवर बायका काही ना काही झाडतायत. अगदी तस्सं. अक्कांनी मिठाच्या बरणीत हात घातला, मूठ बाहेर काढली, हलवलीच नाही, तशीच सोडली. आई माझ्यामागून वर आली. तिनं सगळीकडे बघितलं. मग मला विचारलं,

"खरं सांग, नलू. दुसराले लागस का हाई?"

मी नाही म्हटलं. सगळं सांगितलं, शेवयांपासून अर्ध्या बाटलीपर्यंत. मला वाटलं आता कानाखाली बसणार. आई ऐकत राहिली, तिची नजर अक्कांच्या पातेल्यावर. अर्धंच का सांगितलं असं तिनं विचारलं, मी म्हटलं मुद्दाम. तिनं दोन्ही बाह्या कोपराच्या वर सरकवल्या, एक वर्षानं, आणि मधली बुटकी भिंत ओलांडून अक्कांच्या धाब्यावर गेली.

मी मनातून खचले. झालं, म्हटलं, गेली माफ करायला, आता पाटाशी बसून चार कापडं थापून देईल. आई पातेल्याशी बसली. कडेची वाटी घेतली, घाट्यात हात घातला, सगळा तळवा, आणि वाटीभर घाटा काढला. जवळच तेलाचं भांडं होतं, त्यातली धार वर सोडली, बोटांनी कालवलं. सगळ्या धाब्यांवरच्या केरसुण्या थांबल्या. आईनं वाटी अक्कांपुढे धरली.

"खाई ल्या, अक्का. गरमच शे."

अक्कांनी वाटीकडे पाहिलं, आईच्या हाताकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं. त्या पातेल्यात आता तो हात जाऊन आला होता. टाकायचं तर सगळं टाकावं लागणार होतं. त्यांनी वाटी घेतली. एक घास खाल्ला. आई उठली नाही. दुसरा घास. अक्कांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मिरचीनं की कशानं मला माहीत नाही. वाटी रिकामी होईपर्यंत, बोटं चाटून होईपर्यंत, आई मांडी घालून समोर बसून राहिली. मग धाब्याधाब्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"काहीच व्हत नही, अक्का. बठ्ठासना आंगवर राहस हाई. तवय बी काही व्हनं नसतं."

सगळ्यांच्याच अंगावर असतं हे, आणि तेव्हाही, मागच्या वर्षीच्या त्या बिबड्यांनी, काही झालं नसतं. एवढं बोलून ती उठली आणि हात धुऊन, भिंत ओलांडून परत आली. एकही बिबडी थापली नाही. मागून बायका एकेक करत अक्कांकडे गेल्या, आधी सुमनकाकू, मग बाकीच्या, खाली माना घालून. पण घाटा तोवर घट्ट झाला होता. दोन दिवसांनी आमच्या बिबड्या झाल्या, तेव्हा प्रत्येक घरातून दोन दोन बायका आल्या. मीठ आईनं टाकलं. मूठ थांबली नाही.

बिबड्या पुरत्या वाळल्यावर अक्का स्वतः आमच्या दारात आल्या, हातात पत्र्याचा डबा, गच्च भरलेला. त्यातल्या त्यात चांगल्या निघालेल्या वेचून आणल्या होत्या. आईला नावानं हाक मारून म्हणाल्या, ठेव, इमल. आईनं डबा दोन्ही हातांनी घेतला, त्यांना पाणी दिलं, चहा दिला. मला वाटलं, मिटलं. संध्याकाळी आई डबा काखेला मारून बाहेर पडली, मी मागोमाग. अक्कांच्या दारात म्हैस बांधलेली होती. आई तिच्यापुढे उभी राहिली, डब्याचं झाकण काढलं आणि एकेक बिबडी मोडून तिला खाऊ घालायला लागली, घाई न करता, तिच्या कपाळावर मधूनमधून हात फिरवत. अक्का उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी अडवलं नाही. आई मोडून घालत राहिली, शेवटची बिबडी उरेपर्यंत.

ती एक आईनं पदराखाली घरी आणली. चुलीतल्या निखाऱ्यावर भाजली, तिचे तीन तुकडे केले, एक आबांना दिला, एक मला. आपला तुकडा तिनं तोंडात टाकला आणि डोळे मिटून सावकाश चावला. मग तिचा चेहरा जसा उजळला, तसा मी तो पुन्हा माझ्या लग्नातसुद्धा पाहिला नाही.

"मीठ जास्त शे," आई म्हणाली.